नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण : खुर्ची नसताना उपयोग होतो का?

खडूची धूळ

नमस्कार. इतकी वर्षं इथे पाककृती आणि बागकाम वाचून गुपचूप निघून जायचे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा.

निफाड तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. बी.एस्सी. बी.एड., २००९ साली शिक्षणसेवक म्हणून लागले. बारा वर्षांची वरिष्ठ श्रेणी मिळाली, त्यासाठी २००० रुपये भरून करायचं ते ऑनलाइन प्रशिक्षणही झालं (व्हिडिओ लावून पोळ्या लाटल्या, खोटं कशाला बोलू). चोवीस वर्षांच्या निवडश्रेणीला अजून बराच अवकाश आहे. तेव्हा पगारासाठी विचारत नाहीये, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं. गेल्या वर्षी मराठीला एक नवीन मुलगी लागली. दुसऱ्याच आठवड्यात नववी ब मधून थेट स्टाफरूममध्ये येऊन रडायला लागली. माझा ऑफ तास होता, म्हटलं उद्या मी मागे बसते. शेवटच्या बाकावर बसल्यावर कळलं की ती फळ्याकडे तोंड करून बोलते आणि मागच्या तीन बाकांना काही ऐकूच येत नाही. वर्ग दंगेखोर नव्हता, कंटाळलेला होता. डबा खाताना तिला एवढंच सांगितलं. तर ती म्हणाली, आता मी तुमच्या तासाला बसते. बसली. आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही पूर्ण तासात पहिल्या दोन रांगांतल्या सहाच मुलांना प्रश्न विचारलेत."

सोळा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लॉगबुकात माझ्या नावापुढे कायम "अध्यापन समाधानकारक".

मग इंग्रजीचे एक सर आले, भूगोलाच्या मॅडम आल्या. चौघं एकमेकांच्या तासाला आठवड्यातून एकदा बसायचो. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं. "हे कुणाच्या आदेशाने चाललंय? पाठनिरीक्षण हे माझं आणि पर्यवेक्षकांचं काम." सर माणूस म्हणून वाईट नाहीत. पण ते बंद पडलं ते पडलंच.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट शिकावं. एम.एड., एम.ए. शिक्षणशास्त्र, मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका (डीएसएम), अशी नावं ऐकलीत. सेवाज्येष्ठतेत मी चौथी, म्हणजे मुख्याध्यापक व्हायचा योग बहुधा नाहीच. असं काही शिकायला मिळतं का, की जिथे हातात खुर्ची नसताना चार सहकाऱ्यांना बरोबर घेऊन काम कसं करायचं, ज्याला हल्ली "शिक्षक नेतृत्व" म्हणतात, ते शिकवतात? घरी दहावीतला मुलगा, सासूबाई आणि जानेवारी ते मार्च द्राक्षं. वेळ रात्री साडेनऊनंतरचा.

अण्णा (सेवानिवृत्त)

ताई, आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे गैरसमज नकोत. खासगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू. मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव, त्यातली दोन वर्षं बी.एड. नंतरची. पुढे सगळा खेळ अनुसूची 'फ' चा, म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी लावायच्या नियमांचा. त्यात पदवीधर बी.एड. आणि पदव्युत्तर बी.एड. दोघंही एकाच 'क' प्रवर्गात. तुम्ही एम.ए. करा, एम.एड. करा, यादीत एक पायरीही वर सरकणार नाही. माझ्या शाळेत एक जण एम.एड., एम.फिल. करून पर्यवेक्षकसुद्धा न होता निवृत्त झाला.

आता दुसरी बाजू. मी मुख्याध्यापक झालो तो फक्त आधी जन्मलो म्हणून. ३१ मे ला जुने सर गेले, १ जूनला किल्ल्यांचा जुडगा, कॅशबुक आणि सेवापुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात. सत्तावीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला कॅशबुकात डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे लिपिकाला विचारावं लागलं. तो लिपिक पुढची दोन वर्षं माझा मुख्याध्यापक होता.

डीएसएम मी त्याआधीच केलेलं. एक वर्षाचं, मराठीतून, झेपण्यासारखं. त्यातून नियम, नियोजन, अंदाजपत्रक, दप्तर हे कळलं. तुम्ही विचारताय ते, म्हणजे तास वाईट घेणाऱ्या माणसाला तो दुखावणार नाही असं काय बोलायचं, ते मात्र त्यात नव्हतं. निदान माझ्या वेळी.

कोरा फळा

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) बघा! १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला नाहीत का? पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांपैकी ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचीय. पाचपेक्षा कमी उरली असेल तर नोकरी राहील पण पदोन्नती नाही. आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) पन्नाशीतले शिक्षक पोरांबरोबर अभ्यासिकेत बसतायत आणि इथे नेतृत्वाची चर्चा.

खडूची धूळ

@कोरा फळा, माझी संचमान्यता (मंजूर पद) नववी-दहावीवर आहे. आठवीला मी विज्ञान घेते ते तास पुरत नाहीत म्हणून. पण मुद्दा बरोबर आहे, आमच्या पाचवी ते आठवीवरच्या दोघी पुस्तकं घेऊन बसल्यात.

@अण्णा, "आधी जन्मलो म्हणून" वाचून खूप हसले. पण तुमचं शेवटचं वाक्य तेच माझं दुखणं आहे.

रानभेंडी

एम.एड. च्या नादाला लागू नका, म्हणजे नोकरी सांभाळून तरी नका. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचं झालं आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमात ते दूरस्थ पद्धतीने होतच नाही. बी.एड. दूरस्थ होतं, एम.एड. नाही. उपस्थितीची अट तासांना ८० टक्के, शाळेतल्या कामाला ९० टक्के. पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस हे कसं करणार?

करतात. कसं करतात ते मी करून पाहिलंय म्हणून सांगते. कॉलेजचं नाव विचारू नये. प्रवेशाच्या वेळीच ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "रेग्युलर येणार की नॉन-अटेंडिंग?" असा प्रकार कुठल्याही नियमात नाही, पण त्याचा दर वेगळा होता. पुढची दोन वर्षं माझी हजेरी माझ्याशिवायच लागली. प्रबंधाचा विषय ऑफिसने दिला, मागच्या वर्षीचीच प्रश्नावली दिली, शाळांची नावं बदलून माहिती भरली. प्रथम श्रेणी. ती गुणपत्रिका कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात आहे. मुलीने एकदा विचारलं, आई तू एम.एड. मध्ये काय शिकलीस? मी कुकर लावायला उठले.

वाटसरू_आजरा

रानभेंडी, एवढं खरं लिहायला धाडस लागतं. पण तुम्ही एकट्या नाही, एवढंच.

कडुलिंब

मी जरा वेगळं बोलणार, राग नसावा. हे "शिक्षक नेतृत्व" म्हणजे काय हो? मी जिल्हा परिषदेत एकवीस वर्षं आहे. आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी पोषण आहार समन्वयक, तंबाखूमुक्त शाळा समन्वयक, स्वच्छता समन्वयक, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणारा, आधार जुळवणारा आणि वर मतदार यादीचा बीएलओ. इतकी नेतृत्वपदं एका माणसाकडे असतील तर तो मंत्री व्हायला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये. त्यातल्या "निवडणूक" या एका शब्दात वर्षाचे किती दिवस जातात ते आम्हाला विचारा.

आता कुणीतरी अभ्यासक्रम काढणार, शिक्षकांनी शिक्षकांना घडवावं म्हणणार, आणि त्याचे तास कुठून? आमच्या खिचडीच्या सुट्टीतून. वरच्या लोकांनी जे करायचं ते फुकटात खाली ढकलायचं आणि त्याला मानाचं नाव द्यायचं, एवढाच याचा अर्थ मला दिसतो.

निळं गवत

कडुलिंब, तुमचं वाक्य इंग्रजीत करून आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर लावावंसं वाटलं.

मी मूळची सांगलीची, आता अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिलला मिडल स्कूलला विज्ञान शिकवते. धागाकर्तीला हवंय ते जवळपास याच नावाने इथे मिळतं, म्हणून लिहितेय. केंटकीत शिक्षकांच्या पायऱ्या असतात. पदवी असली की रँक ३, पदव्युत्तर झालं की रँक २, त्यापुढे रँक १, आणि पगार त्या पायरीवर ठरतो. पूर्वी नोकरी लागल्यावर ठरावीक वर्षांत रँक २ मिळवणं सक्तीचं होतं, ती सक्ती २०१८ साली काढली. त्याआधी, २०१० च्या सुमारास राज्याने विद्यापीठांना सांगितलं की शिक्षकांसाठीचे जुने मास्टर्स बंद करा आणि "टीचर लीडर" नावाचे नवे आखा. कारण साधं होतं. लोक पगारवाढीसाठी मिळेल तो सोपा अभ्यासक्रम करत होते आणि वर्गात काही बदलत नव्हतं. (ओळखीचं वाटतंय ना?)

मी केला तो तीस क्रेडिटचा होता, संध्याकाळी आणि ऑनलाइन. इथे शिक्षक-नेत्यांसाठी २०११ साली प्रसिद्ध झालेली मानकं आहेत, सात क्षेत्रं. आम्ही ती पाठ केली आणि विसरलो. निम्मा अभ्यासक्रम असाच, खोटं बोलणार नाही. शब्दांचे फुगे. दर आठवड्याला एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसायची जी पद्धत इथे आहे, तीही बऱ्याच शाळांत तक्ता भरून सही करायची जागा झालीय. कडुलिंब म्हणतात तसं.

पण एक कोर्स अजून उपयोगी पडतो. सहकाऱ्याचा तास बघितल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं, एवढाच त्याचा विषय. आम्हाला दोघादोघांना बसवून दहा मिनिटं बोलायला लावायचे आणि व्हिडिओ काढायचे. नियम एकच, पहिली दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही. "तुला काय दिसलं?" "मग तू काय केलंस?" असे प्रश्न चालतील, "तू असं करून बघ" चालणार नाही. माझ्या पहिल्या व्हिडिओत मी चाळिसाव्या सेकंदाला सल्ला दिलाय. दुसऱ्यात दोन मिनिटांनी. प्राध्यापक बाईंनी व्हिडिओ थांबवून विचारलं, "इथे ती काहीतरी सांगणार होती. काय सांगणार होती?" मला माहीतच नव्हतं. कारण मी ऐकत नव्हते, माझ्या सल्ल्याची तयारी करत होते.

धागाकर्ती, तुम्ही त्या नवीन मुलीच्या तासाला बसलात आणि डबा खाताना एकच गोष्ट सांगितलीत, मग तिला स्वतःच्या तासाला बसू दिलंत. आमच्याकडे यासाठी एक सेमिस्टर घेतात.

खडूची धूळ

निळं गवत, सल्ला न देता दहा मिनिटं... मी घरात मुलाशी करून बघते आधी. तिथेच नापास होईन.

माळावरची शाळा

उशिरा आले. मी २०११ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचं एम.ए. (प्राथमिक शिक्षण) केलं. तो अभ्यासक्रम २००६ साली सुरू झाला, काही दिवस देवनारला जाऊन वर्ग आणि बाकीचा काळ आपापल्या ठिकाणी काम, असा. नोकरी करणारे बरेच जण होते. तेव्हा मी पालघर भागात एका आश्रमशाळेत होते.

वाचन प्रचंड आणि सगळं इंग्रजी. पहिल्या संपर्कसत्रात जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले होते, तेव्हा नववी ब वाल्या मुलीला माझा सलाम सांगा. पण जे आयुष्यभर पुरलं ते एका साध्या असाइनमेंटमधून. स्वतःचा एक तास रेकॉर्ड करायचा आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. मोबाइल खिडकीत ठेवून चौथीचा तास रेकॉर्ड केला. रात्री उतरवायला बसले. एका तासात मी एकेचाळीस प्रश्न विचारले होते. त्यातल्या तीसएक प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. प्रश्न विचारल्यावर सेकंदभरही थांबत नव्हते. "बावन्नातून सत्तावीस गेले किती? दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं? हातचा घ्यायचा ना? शाब्बास!" शाब्बास कुणाला, ते मलाच कळेना.

रेकॉर्डिंगमध्ये मागून एका मुलीचा आवाज येतो, हळूच, "पस्तीस." मी तो ऐकलाच नव्हता. ती सातातून दोन वजा करत होती, मोठ्यातून लहान, कारण तिला तेच शक्य वाटत होतं. तिच्या चुकीला कारण होतं आणि त्यावर मी माझा आवाज टाकला होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजायचे, एवढंच ठरवलं. तीन आकडे मोजणं इतकं अवघड असतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. मग शेजारच्या वर्गावरच्या सरांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. माझं, त्यांचं नाही. ते म्हणाले, आता माझंही करा. नेतृत्वबितृत्व म्हणतात ते मला एवढंच कळलंय, की पहिली फजिती आपली दाखवायची.

वाटसरू_आजरा

वा, माळावरच्या ताई. ते "पस्तीस" बरेच दिवस विसरणार नाही.

अवांतर होईल, पण राहवत नाही. शेजारच्या शाळांनी मिळून शिकायचं ही कल्पना अमेरिकेतून यायची गरज नव्हती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुलाची शिफारस केली. एक माध्यमिक शाळा मध्यभागी, आसपासच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या, ग्रंथालय-प्रयोगशाळा सामाईक, शिक्षक एकमेकांकडे जाणारे-येणारे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आमच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. (गाववाले असल्याचा अभिमान आहे, चालवून घ्या.) २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तेच संकुल पुन्हा आलंय, सोबत प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे. आपल्याकडे केंद्रशाळा आणि महिन्याची शिक्षण परिषद आहेच. कागदावर बघाल तर सगळं आहे.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद कशी होते? साडेदहाला स्वागतगीत, गुलाबपुष्प, अकराला परिपत्रकवाचन, साडेबाराला "सर्वांनी लिंक भरा", एकला मसालेभात. पण सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) आठवा. २०१४-१५ च्या आसपास गाड्या भरभरून शिक्षक तिथे वर्ग बघायला जायचे, मीही गेलोय. तिथे भाषणं थोडी होती. थेट वर्गात नेऊन बसवायचे. जमिनीवर आखलेल्या खडूच्या रेघा, काड्यांचे गठ्ठे, आणि पाहुणे आले तरी मान वर न करणारी पोरं. परत येताना गाडीत आम्ही बारा जण भांडत होतो, आपल्याकडे हे जमेल की नाही यावर. तेवढं भांडण कुठल्या शिक्षण परिषदेत झालं नाही.

कडुलिंब

कुमठ्याला मीही गेलोय. आणि नंतर काय झालं तेही पाहिलंय. तोंडी आदेश आला, सगळ्यांनी फरशीवर तक्ते रंगवा. आम्ही पदरचे पैसे घालून ऑइलपेंट आणला. तक्ते रंगले, फोटो गेले. मुलं त्यावर चपला काढून ठेवायची. तिथल्यांनी स्वतः शोधलं होतं, आम्हाला ते पाठवण्यात आलं. फरक एवढाच.

माळावरच्या ताईंचं मात्र पटलं. त्याला समन्वयक लागत नाही.

केंद्रातला एक

कामाचं बोलतो. मी केंद्रप्रमुख आहे, सरळ स्पर्धा परीक्षेतला नाही, पदोन्नतीचा. आता निम्मी पदं मर्यादित विभागीय परीक्षेतून भरायची आहेत, त्यामुळे जिल्हा परिषदेतले तरुण शिक्षक अभ्यासाला लागलेत. तो मार्ग खासगी अनुदानितवाल्यांना नाही, त्यामुळे ताईंना लागू नाही.

ताईंसाठी पर्याय असे दिसतात. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) एम.ए. शिक्षणशास्त्र, किमान दोन वर्षं, कमाल चार. द्राक्षं आणि दहावी असेल तर ही चार वर्षांची सवलत फार मोलाची. त्यात पुढे शैक्षणिक व्यवस्थापन हा विशेष गट घेता येतो, शिवाय लघुप्रबंध आहे. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. गृहपाठाला ३० टक्के, परीक्षेला ७० टक्के असा भार असतो. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना. नुसतं शाळा नेतृत्व हवं असेल तर त्यांचीच एक पदव्युत्तर पदविकाही आहे. दिल्लीच्या 'नीपा' या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र आहे, त्यांचे अभ्यासक्रम मुख्याध्यापकांना डोळ्यासमोर ठेवून आखलेले. मराठीतूनच हवं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ, एम.ए. शिक्षणशास्त्र. तुमच्या घरापासून एसटीने तासाभरावर मुख्यालय, संपर्कसत्र चुकवू नका एवढंच.

आणि पुढेमागे बी.एड. कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर एम.ए. शिक्षणशास्त्र अगदी वाया जात नाही. ५५ टक्के आणि सोबत बी.एड. असेल तर शिक्षणाच्या तात्त्विक विषयांसाठी ते चालतं.

अण्णा (सेवानिवृत्त)

केंद्रप्रमुख साहेबांनी व्यवस्थित सांगितलं. फक्त भर घालतो. कुठेही प्रवेश घेण्याआधी संस्थेला परवानगीचा अर्ज द्या. "उच्च शिक्षण घेण्यास परवानगी मिळणेबाबत." नाहीतर निवडश्रेणीच्या वेळी, आठ वर्षांनी, कुणीतरी फाइल उघडून विचारील की पूर्वपरवानगी कुठाय. मी स्वतः एकाची पदवी त्या एका कागदावाचून अडलेली पाहिलीय. सेवापुस्तकात नोंद करून घ्या, आणि नोंदीची झेरॉक्स घरी ठेवा.

रानभेंडी

आणि लघुप्रबंधाचा विषय स्वतः निवडा. कुणी आयता दिला तर घेऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.

खडूची धूळ

तीन महिन्यांनी येतेय, क्षमस्व. मध्ये पहिलं सत्र, घटक चाचणीचे पेपर, आणि द्राक्षवेलींवर डावणी रोग.

इग्नूचं जानेवारी सत्र घेतलं. मराठीतून नाही याचं वाईट वाटलं, पण चार वर्षांची मुभा बघून ठरवलं. प्रवेश पक्का झाल्यावर दोनच दिवसांत एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आलं, "सोडवलेले असाइनमेंट मिळतील, हस्तलिखित ३५० रु. प्रति विषय, अक्षर सुंदर." माझा नंबर त्यांच्याकडे कसा गेला देव जाणे. रानभेंडींची आठवण काढून ब्लॉक केलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता पहिल्या प्रश्नावर पेंगताना एकदा अनब्लॉक करावंसं वाटलं होतं.

परवानगीचा अर्ज घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला. "यात प्रमोशन नाही, माहितीय ना?" म्हटलं, माहितीय. "मग कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. शेवटी म्हटलं, सर, लघुप्रबंधासाठी आपल्याच शाळेत काम करायचं आहे, शिक्षकांनी एकमेकांचे तास बघण्यावर. लेखी परवानगी असेल तर बरं. सर बराच वेळ पेन फिरवत बसले. मग अर्जावर लिहिलं, "शालेय कामकाजात अडथळा न येता, स्वेच्छेने तयार असलेल्या शिक्षकांपुरते." सही केली, आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "माझ्या तासाला मात्र बसायचं नाही."

आम्ही चौघं होतो त्यातले तीन उरलोत. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, आता लेखी झालं ना, मग नको बाई. ते मला पटलं नाही पण कळलं. सध्या तास बघणं सुरू केलेलं नाही. माळावरच्या ताईंचं ऐकून आधी माझं स्वतःचं रेकॉर्डिंग केलं, दहावी अ, समरूपता. एक तास उतरवायला तीन रात्री लागल्या. माझे प्रश्न त्रेपन्न. थांबले किती वेळा ते इथे लिहीत नाही. उद्या डबा खाताना बाकी दोघांना ऐकवणार आहे, आत्तापासून पोटात गोळा आलाय.

माळावरची शाळा

त्रेपन्न! माझा विक्रम मोडलात. ऐकवताना मध्ये थांबवून स्पष्टीकरण देऊ नका. खूप द्यावंसं वाटेल.

निळं गवत

आणि ते दोघं बोलायला लागले की दहा मिनिटं घड्याळ लावा. :)

अण्णा (सेवानिवृत्त)

ताई, अभिनंदन. अर्जाला आवक क्रमांक घेतलात का?

खडूची धूळ

घेतला अण्णा. ११२. झेरॉक्स पिठाच्या डब्याखाली आहे, ट्रंकेत हलवते.